मालकी, ताबा आणि परवाना : वऱ्हाडातल्या बंदुकीची गोष्ट

 मागच्या व्याख्यानात आपण मालकी या कल्पनेविषयी बोललो. एखादी वस्तू 'माझी' आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो, असा तो प्रश्न होता. व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी कळवले की सर, हे फार हवेत चालले आहे, एखादी हातात धरता येईल अशी वस्तू घ्या. म्हणून आज आपण एक वस्तू घेतली आहे. बंदूक.

आता तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या मास्तराला बंदुकीचे काय पडले आहे? खरे आहे. आम्ही आयुष्यभर वर्गात खडू धरला, बंदूक कधी चालवली नाही. वकीलही नाही, तेव्हा आजचे बोलणे कायद्याचा सल्ला समजू नका. पण बंदुकीच्या एका व्यवहारात आम्ही शहाणपणा केला होता आणि तो चुकला. त्या चुकीतून हा विषय आमच्या मागे लागला. तीच गोष्ट आधी सांगतो.

आमचे एक मामा अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी शेती करायचे. ज्वारी आणि कपाशी. कणीस भरले की रात्री जागलीला जावे लागे, कारण डोंगरातून रानडुकरांचे कळप उतरत आणि एका रात्रीत पट्टाच्या पट्टा लोळवून टाकत. मामांकडे ठासणीची बंदूक होती. आपल्याकडे तिला भरमार म्हणतात. नळीत दारू घालायची, छर्रे घालायचे, गजाने ठासायचे आणि मग बार. बहुतेक वेळा नुसत्या आवाजानेच काम भागत असे. पीकसंरक्षणाचा रीतसर परवाना होता, त्याचे नूतनीकरण मामा न चुकता करत.

मामा गेले. मामींनी बंदूक एका जुन्या लुगड्यात गुंडाळून कोठीच्या खोलीत ठेवली. वर्ष-दीड वर्ष ती तिथेच. मग शेजारच्या गावचा एक शेतकरी आला. चांगला माणूस, मामांचा स्नेही. त्याच्याजवळही पीकसंरक्षणाचा परवाना होता, पण त्याच्या बंदुकीची नळी तडकली होती. तो म्हणाला, वहिनी, ही मला द्या, योग्य ते पैसे देतो. मामींनी आम्हाला विचारले. "बापू, तू शिकेल-सवरेल मानूस. याचं काय करू मी? मले तं हात लावाचंबी भेव वाटते."

आम्ही काय म्हणालो? आम्ही म्हणालो, मामी, बंदूक मामांची होती, मामांचे जे होते ते आता तुमचे. घेणारा ओळखीचा आहे, परवानाधारक आहे. देऊन टाका. आणि व्यवहार चोख असावा म्हणून आम्ही स्वतःच्या अक्षरात दोन ओळींची पावती लिहिली, तिकीट लावले, त्यावर मामींचा अंगठा घेतला.

पुढच्या नूतनीकरणाला तो शेतकरी बंदूक घेऊन गेला. परवान्यावरचा नंबर एक आणि बंदुकीवर ठोकलेला नंबर दुसरा. मग जबाब, खेपा, आणि पुरावा म्हणून आमची ती सुंदर अक्षरातली पावती. गुन्हा नोंदवायचा की नाही यावर बरेच दिवस गेले. अखेर एका समजूतदार अधिकाऱ्याने परिस्थिती पाहिली, बंदूक जमा करून घेतली आणि प्रकरण मिटले. शेतकऱ्याचे पैसे मामींनी परत केले. पण त्या वयात मामींना ठाण्याच्या बाकावर बसावे लागले ते बसावेच लागले. तिथे त्यांनी आम्हाला विचारले, "म्या का चोरी केली, बापू?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आता थोडे मागे जाऊ, कारण मालकी आणि ताबा यांची फारकत वऱ्हाडला काही नवी नाही. १८०३ साली २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, ती आजच्या अकोला जिल्ह्यात. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, तो अमरावती जिल्ह्यात. दोन दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला आणि वऱ्हाड निजामाकडे गेला. पुढे हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी निजामावर कर्ज चढले आणि १८५३ च्या तहाने त्याने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पण हवाली म्हणजे काय? विकला नाही, दिला नाही. राज्य निजामाचे, कारभार इंग्रजांचा. कागदोपत्री नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. १९०२ मध्ये कर्झनच्या काळात वर्षाला २५ लाख रुपये ठरवून हा प्रांत कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. १९३६ च्या करारातसुद्धा निजामाचे सार्वभौमत्व मान्य केले गेले आणि त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. म्हणजे बघा, आपले आजोबा-पणजोबा ज्या जमिनीवर राहत होते तिची मालकी हैदराबादला आणि ताबा इंग्रजांकडे. यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. तो अधिसूचना काढून इथे आणावा लागे.

अशा काळात शस्त्रांचा कायदा आला. १८५७ चा उठाव मोडल्यावर इंग्रजांनी देश निःशस्त्र करायला घेतला होता. त्याला पक्के रूप मिळाले ते लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ च्या शस्त्र कायद्याने. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. जीभ आणि हात एकाच वर्षी बांधले, असे म्हणायला हरकत नाही.

या १८७८ च्या कायद्याविषयी आपल्याला एवढेच माहीत असते की त्याने शस्त्राला परवाना लावला. पण त्याचे पाचवे कलम वाचण्यासारखे आहे. त्यात म्हटले होते की परवान्याशिवाय कोणी शस्त्र तयार करू नये, विकू नये. आणि लगेच पुढे एक सवलत होती. स्वतःच्या खासगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र एखाद्याला विकायचे असेल, तर विक्रीचा परवाना लागणार नाही. घेणाऱ्याला ते बाळगायला मनाई नसावी आणि विकल्यावर विनाकारण विलंब न लावता जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटला किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याचे नाव-गाव कळवावे, एवढीच अट. क्रम लक्षात ठेवा. आधी विक्री, मग वर्दी.

आणि त्यातही एक मेख होती. घेणारा जर कायद्यातून सूट मिळालेला असेल तर वर्दी देण्याचीही गरज नाही. ही सूट कोणाला होती? मुख्यतः युरोपियन लोकांना. म्हणजे साहेबाला बंदूक विकली तर कुणाला सांगायला नको, पाटलाला विकली तर ठाण्यात सांगा. एकच बंदूक, एकच व्यवहार, पण नोंद करायची की नाही हे घेणाऱ्याच्या कातडीवर ठरे. ही वांशिक सवलत १९२० च्या नियमांनी गेली, तोवर ४० वर्षे उलटली होती.

लोकांना हे बोचत होते. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला. पुढे १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन आपल्या अमरावतीला भरले. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताची धुरा दादासाहेब खापर्ड्यांकडे. त्या वर्षी जूनमध्ये पुण्यात चापेकरांनी रँडवर गोळी झाडली होती आणि लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात होते. शस्त्र आणि शब्द, दोन्हींवर सरकारचा डोळा होता. गंमत अशी, की हे अधिवेशन ज्या भूमीवर भरले ती कायद्याने अजून निजामाचीच होती.

या कायद्याने बंदुका थांबल्या का? शेतकऱ्याच्या थांबल्या. पण १९०९ च्या २१ डिसेंबरला नाशिकला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या ते पिस्तूल ब्राउनिंगचे होते, लंडनहून आलेले. सावरकरांनी २० पिस्तुले चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठवली होती. ज्यांनी कायदा मोडायचाच असे ठरवले होते त्यांना पाचवे कलम अडवू शकले नाही. नोंद ठेवायची सक्ती लागू झाली ती नोंद ठेवायला तयार असलेल्यांनाच. ही अडचण आजही आहे. मध्य प्रदेशच्या सीमेवरून येणारे गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यांचा परवान्याशी काही संबंध नसतो. म्हणून काही लोक म्हणतात, मग प्रामाणिक माणसालाच कशाला छळता? या प्रश्नाकडे आपण परत येऊ.

स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा शस्त्र हा हक्क असावा असे पुष्कळांना वाटे. गांधीजींनीसुद्धा १९१८ साली खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या पत्रकात लोकांना निःशस्त्र करणाऱ्या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. १९४८ च्या डिसेंबरात, संविधान सभेत, मध्य प्रांत व वऱ्हाडातून गेलेले ह. वि. कामत उठले आणि हा हक्क मूलभूत हक्कांत घाला, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. आपल्या प्रांताचा माणूस, म्हणून मुद्दाम सांगतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की परकी सरकारने जनतेला निःशस्त्र केले होते तेव्हा ही मागणी समजण्यासारखी होती. पण आता हा मूलभूत हक्क केला तर चोर-दरोडेखोरही तोच हक्क सांगत येतील, आणि राज्याला त्यांना अडवता येणार नाही. दुरुस्ती फेटाळली गेली. त्या दिवशी आपल्या देशाने एक गोष्ट ठरवली. भारतात बंदूक ही हक्काची वस्तू नाही, परवानगीची वस्तू आहे.

आता तत्त्वज्ञानाचा मुद्दा इथे येतो, तो नीट पाहू. भांडे, सायकल, शेत यांच्या बाबतीत मालकी आणि ताबा या दोन गोष्टी असतात. माझी सायकल तुमच्याकडे असू शकते. बंदुकीच्या बाबतीत तिसरी गोष्ट येते, परवाना. पैसे देऊन घेतली ती मालकी. घरात ठेवली तो ताबा. आणि या माणसाने ही बंदूक बाळगावी असे सरकार म्हणते तो परवाना. साधारण दिवसांत तिन्ही एकाच माणसाच्या ठायी असतात, म्हणून आपल्याला वाटते की ती एकच गोष्ट आहे. विक्रीच्या वेळी आणि मृत्यूच्या वेळी तिन्ही सुटी होतात. कायद्यातली सगळी धूसर जागा तिथेच आहे.

१९५९ मध्ये आपण स्वतःचा शस्त्र कायदा केला, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. खासगी विक्रीची सवलत त्यात राहिली. तेच पाचवे कलम, शब्दही जवळपास तेच. स्वतःच्या खासगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेली बंदूक विकायला दुकानदाराचा परवाना लागत नाही. पण क्रम उलटला. आज कायदा म्हणतो, घेणाऱ्याचे नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला आधी लेखी कळवा, त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्या, मग विका. अर्थात घेणाराही ती बाळगायला पात्र असलाच पाहिजे. १८७८ मध्ये 'विकली, कळावे' होते. आज 'विकणार आहे, कळावे' आहे. दोन शब्दांचा फरक, पण आमच्या मते स्वातंत्र्य आणि गुलामी यांच्यातला जो फरक शस्त्रकायद्यात दिसायला हवा होता तो इथे दिसतो. साहेबाला नोंदीतून सूट राहिलेली नाही. सगळ्यांना एकच रांग.

मग धूसर काय उरले? पहिली गोष्ट, 'खासगी वापर' म्हणजे काय? एकाने आयुष्यात एक बंदूक विकली, तो खासगी विक्रेता. दुसऱ्याने दर दोन वर्षांनी एक घेतली आणि एक विकली, तो कोण? हौशी की व्यापारी? हा प्रश्न जगभर आहे. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने बंदुकांच्या व्यापाऱ्याला परवाना लावला, १९९३ च्या ब्रेडी कायद्याने परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासायला लावली. पण जो 'धंदा करत नाही' अशा खासगी माणसाने विकले तर केंद्रीय कायद्याने ती तपासणी नाही. तिथली सगळी लढाई 'धंदा' या एका शब्दाभोवती चालली आहे. २०२२ मध्ये त्यांनी त्या शब्दाची व्याख्या बदलली, प्रामुख्याने नफा मिळवण्यासाठी विकणारा तो व्यापारी, अशी. आपल्याकडे हा प्रश्न तेवढा पेटत नाही, कारण आपण खासगी माणसालाही कळवायला लावतो आणि एका माणसाजवळच्या बंदुकांची संख्याच बांधून ठेवतो. पूर्वी तीन होत्या, २०१९ च्या दुरुस्तीने दोन केल्या. वारशाने आलेल्या बंदुकांनाही तीच मर्यादा.

दुसरी धूसर जागा दुकानदाराच्या गल्ल्यामागे आहे. शस्त्रविक्रेत्याचा परवाना हा एकच मोठा परवाना नसतो. विकणे वेगळे, दुरुस्त करणे वेगळे, लोकांची शस्त्रे सुरक्षित ठेवायला घेणे वेगळे. ज्याची परवानगी आहे तेच करायचे, प्रत्येकाची वही ठेवायची, गिऱ्हाइकाचा मूळ परवाना पाहून त्यावर नोंद करायची, काडतुसे परवान्यावरच्या संख्येपेक्षा जास्त द्यायची नाहीत. आता समजा एखादे वृद्ध गृहस्थ दुकानात बंदूक ठेवून येतात आणि जाता जाता म्हणतात, कुणी गिऱ्हाईक आले तर बघा. ती ठेव झाली की विक्रीला दिली? दोघांच्या मनात काय होते याला महत्त्व नाही, वहीत काय लिहिले याला आहे. आणि उद्या त्या दुकानदाराचाच परवाना संपला किंवा तो वारला, तर ती बंदूक कोणाच्या ताब्यात? ज्याच्याजवळ ठेव-पावती आहे त्याला निदान विचारायला जागा आहे. ज्याने तोंडी विश्वासावर ठेवली त्याला तीही नाही.

तिसरी जागा आपल्या मेळघाटाची. कायद्यात शेतकऱ्यासाठी एक चांगली तरतूद आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा, असे तेराव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, आणि ठासणीची पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. नाकारण्याची कारणे वेगळ्या कलमात आहेत. पण १९७२ चा वन्यजीव कायदा म्हणतो की अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय देऊ नये. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत. रानडुकरांचा त्रास सर्वांत जास्त जंगलाच्या काठाला, आणि परवान्याला अट सर्वांत जास्त तिथेच. वाघ वाचला पाहिजे हे आम्हाला मान्य आहे. पण काठावरच्या शेतकऱ्याला आपण नवा परवाना सहज देत नाही, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कोणाच्या तरी कोठीतली जुनी बंदूक येते. अशी ओळखीपाळखीची खासगी विक्री लोभातून होत नाही, अडचणीतून होते. आमच्या मामांच्या मित्राचे तेच झाले.

चौथी जागा मृत्यूची, आणि तीच सर्वांत अवघड. मामा गेले त्या क्षणी काय झाले? मालकी वारशाने मामींकडे आली. ताबा मामींकडे होता. परवाना मात्र मामांबरोबर संपला. बंदूक वारशाने मिळते, परवाना वारशाने मिळत नाही. त्या क्षणापासून कोठीच्या खोलीतली ती लुगड्यातली वस्तू बेकायदा ताब्यात होती, आणि त्या घरात कुणाला याची कल्पना नव्हती. एकविसावे कलम अशा वेळेसाठीच आहे. विनाकारण विलंब न लावता शस्त्र जवळच्या ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करा. ते जमा असताना वारसाला मुदतीत स्वतःचा परवाना काढून ते परत घेता येते किंवा विकायची व्यवस्था करता येते. पैसे वारसाचेच. मुदतीत काहीच केले नाही तर ते सरकारजमा होऊ शकते. म्हणजे मामींची मालकी कायद्याला मान्य होती. मामींच्या कोठीतून थेट शेजाऱ्याच्या खांद्यावर, ही वाट मात्र मान्य नव्हती. मध्ये ठाणे किंवा दुकान लागतेच.

२०१६ च्या नियमांत याहून बरी सोय आहे, ती बऱ्याच घरांत माहीत नाही. परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा बंदूक बाळगून २५ वर्षे झाली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, तो हयात असतानाच आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो आणि अधिकाऱ्याला योग्य वाटल्यास त्या वारसाला परवाना देता येतो. आम्ही स्वतः त्या वयाच्या पुढे गेलो आहोत, म्हणून सांगतो. मृत्युपत्रात शेत लिहिता, घर लिहिता, दागिने लिहिता. बंदुकीचे मात्र जिवंतपणीच पाहावे लागते.

एक पाचवी जागा आहे, तिथे थोडे हसू येते. मामींना कुणीतरी सांगितले होते, अहो, बंदूक जुनी आहे, निकामी आहे, असे सांगा. कायद्यात अशी सूट आहे खरी. जुन्या बनावटीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडके शस्त्र या कायद्यातून वगळले आहे. पण अट अशी, की दुरुस्त करूनही ते बार काढण्याजोगे राहिलेले नसावे. नरनाळ्यावर नऊगजी तोफ पडली आहे, तिचा परवाना कुणी विचारत नाही. मामांची बंदूक त्या तोफेच्या पंगतीत बसली नसती. गावच्या लोहाराने दोन घाव घातले की ती बोलू लागली असती. घरात भिंतीवर टांगलेली आजोबांची बंदूक 'शोभेची' आहे असे आपण म्हणतो. शोभेची आहे की नाही हे आपल्या म्हणण्यावर ठरत नाही, तिच्या नळीवर आणि चापावर ठरते.

आता तो मागे ठेवलेला प्रश्न. कट्टेवाला नोंद करणारच नाही, मग प्रामाणिक माणसालाच हा ताप कशाला?

आम्ही यावर बराच विचार केला आहे. इंग्रजांचा कायदा माणसावर अविश्वास दाखवत होता. एक जात विश्वासाची आणि दुसरी संशयाची, असे त्याने ठरवून टाकले होते. आजचा कायदा, निदान त्याच्या शब्दांत, माणसाविषयी असे काही म्हणत नाही. तो म्हणतो, हस्तांतर उजेडात करा. प्रामाणिक माणसाच्या बंदुकीचा प्रत्येक मुक्काम वहीत असेल तर वहीत नसलेली बंदूक ही आपोआप संशयाची होते. पण प्रामाणिक माणसांनी ओळखीवर, दोन ओळींच्या पावतीवर बंदुका फिरवायला सुरुवात केली, की चांगली बंदूक आणि वाईट बंदूक एकाच अंधारात उभ्या राहतात. मग पोलिसाला फरक कळत नाही, आणि काही वर्षांनी आपल्यालाही कळत नाही. मामींची बंदूक त्या मित्राकडून पुढे कोणाकडे गेली असती, हे आम्ही सांगू शकलो नसतो. आमच्या पावतीवर त्याची सोय नव्हती.

पण याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नागरिकाने उजेडात यावे असे म्हणायचे असेल तर उजेडात येणाऱ्याला दिवसचे दिवस बाकावर बसवून ठेवता येत नाही. अर्ज दिला तर पोच मिळाली पाहिजे. ४५ दिवस म्हणजे ४५ दिवस, त्याचे ४५ महिने होता कामा नयेत. खेड्यातल्या विधवा बाईला, तुमच्या यजमानांच्या नावावर परवाना होता, आता असे असे करा, हे कुणीतरी घरी येऊन सांगितले पाहिजे. मृत्यूची नोंद गावात होते, परवान्याची नोंद जिल्ह्याला असते. या दोन वह्या एकमेकींशी बोलल्या तर निम्म्या चुका होणारच नाहीत. लोक अंधारात जातात ते दर वेळी पाप करायलाच जातात असे नाही, पुष्कळदा उजेडातला रस्ता लांब आणि अपमानाचा वाटतो म्हणून जातात.

व्याख्यान संपवताना एक साधे काम देतो. तुमच्या किंवा नात्यातल्या कुणाच्या घरी बंदूक असेल तर आज रात्री तीन प्रश्न विचारा. विकत घेतल्याची पावती कोणाच्या नावावर आहे? परवाना कोणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते? आणि बंदूक आत्ता, या क्षणी, कोणाच्या घरात आहे? तिन्ही उत्तरांत एकच, हयात माणसाचे नाव आले तर निर्धास्त झोपा. नाव बदलले, किंवा एखादे नाव भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतले निघाले, तर उद्या सकाळी जाणकार वकिलाला विचारा आणि वाट पाहू नका. आणि हो, आमच्यासारख्या प्राध्यापकाला विचारू नका.

मामी आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यांच्या हयातीत दिले नाही, ते इथे देतो. मामी, तुम्ही चोरी केली नव्हती. बंदूक तुमचीच होती. पण ती कुणाच्या हाती द्यायची हे ठरवणे एकट्या तुमच्या हातात नव्हते, आणि हे तुम्हाला सांगण्याचे काम ज्याचे होते तो शिकला-सवरलेला माणूस पावतीवर तिकीट चिकटवत बसला होता.

पुढच्या व्याख्यानात आपण जमिनीकडे वळू. सातबाऱ्यावर एकाचे नाव आणि वहिवाट दुसऱ्याची, हा प्रकार. नमस्कार.